पोस्टमास्तरांची दुर्बीण

निवृत्त माणसाला एक वाक्य फार महागात पडतं. "मी काय, मोकळाच आहे." हे वाक्य मी फेब्रुवारीत, उणे एकतीसच्या थंडीत, नेटीबाईंच्या दारात उभा राहून बोललो आणि पुढचे आठ महिने मोकळा म्हणून झालो नाही.

नेटीबाई होलोवाटी आमच्या शेजारीण. शेजारीण म्हणजे दोन घरांच्या मधे पाऊण मैल गहू आहे, पण आमच्या एल्मस्लेड गावात त्याला शेजारच म्हणतात. वय वर्षं एक्क्याऐंशी. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. आता घरात त्या आणि तबेल्यात क्वीनी. क्वीनी ही त्यांची घोडी, एकोणतीस वर्षांची आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळी. पण घरामागचं कुरण तिला पावलापावलाने पाठ. उन्हाळाभर ती त्यात एकटी फिरते, पाण्याच्या टाकीशी येते, कुंपणाशी वळते. दुसऱ्या कुरणात सोडलं तर आहे तिथेच थरथरत उभी राहते.

आणि त्या पाठ असलेल्या कुरणात गोफर शिरले होते. गोफर म्हणजे खारीच्याच कुळातला, पण झाडावर चढायचं सोडून जमीन पोखरणारा प्राणी. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर ताठ उभा राहतो आणि आपणच त्याच्या अंगणात आगंतुक शिरलोय अशा नजरेने बघतो. गेल्या उन्हाळ्यात क्वीनीचा पाय दोनदा बिळात गेला. दोन्ही वेळा मुरगळण्यावर निभावलं. तिसऱ्या वेळी मोडेल, असं गुरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं. "जूनपर्यंत कुरण साफ झालं तर सोडा तिला. नाहीतर आंधळ्या जनावराला उन्हाळाभर कोंडून हाल करण्यापेक्षा मला बोलवा," असं म्हणून तो गेला होता. बोलवा म्हणजे कशासाठी, हे नेटीबाईंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"माझी रायफल आहे. बावीस बोअरची. बापाची," नेटीबाई म्हणाल्या. "पण माझा खांदा हल्ली धरतो. गोळ्या तू घाल, पोस्टमास्तर. आणि तिच्यावर बसवायला एखादी दुर्बीण बघ. स्वस्तातली. उगाच मिरवायची नाहीये."

आता हा माझा केवढा सन्मान होता ते सांगतो. नेटीबाई म्हणजे एकेकाळी पंचक्रोशीतली पहिल्या नंबरची नेमबाज. नळीच्या टोकावर असतो तो लोखंडी मणी, तेवढ्यावर नेम धरून त्यांनी तरुणपणी जत्रेतली स्पर्धा जिंकली होती आणि हेल्मर टॉर्गर्सनला सर्व गावासमोर दुसरा नंबर दिला होता. त्याला पन्नास वर्षं उलटली, पण हेल्मर अजून त्या दिवशी वारा आडवा होता म्हणून सांगतो. असला हेल्मर फुकट येऊन गोफर मारायला तयार होता. आर्मंड लाव्हर्न तयार होता. त्या सगळ्यांना सोडून बाईंनी मला विचारलं. चौतीस वर्षं पत्रांवर शिक्के मारल्याने माझा हात स्थिर झाला असणार आणि ते त्यांच्या नजरेनं हेरलं असणार, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला पटवलं होतं.

"शिक्का मारताना टेबल पळून जात नव्हतं, एल्डन," माझी बायको वर्ना म्हणाली.

पहिली अडचण परवान्याची. आधी शिक्षणवर्ग. गावातल्या बर्फावरच्या खेळांच्या मैदानाला लागून असलेल्या माडीत आम्ही नऊ जण शिकायला. तिथे कुंपण ओलांडताना बंदूक कशी धरायची याची परीक्षा असते आणि त्यासाठी खोलीच्या मधोमध एक खोटं कुंपण उभं केलेलं असतं. मी बंदूक अगदी नियमाने खाली ठेवली, नियमाने पलीकडे गेलो, आणि माझी विजार कुंपणावरच राहिली. परीक्षक सभ्य गृहस्थ. "बंदुकीचे पूर्ण मार्क," एवढंच म्हणाले.

मग अर्ज. अर्जाला फोटो, आणि फोटोतला माणूस तोच आहे म्हणून कुणीतरी सही करायची. चौतीस वर्षं अख्ख्या गावाच्या फोटोंवर ती सही मी केली. आता माझ्यासाठी कोण करणार? शेवटी वाचनालयाच्या बाईंनी केली, तीही फोटो तीनदा उलटसुलट बघून. अर्ज गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. कारण, पोस्टाचा कोड चुकला होता. माझ्या स्वतःच्या घराचा! जो कोड मी झोपेत बडबडतो, जो न लिहिणाऱ्या माणसांना मी काउंटरवरून तोंडभरून सुनावलं, तोच. वर्ना हसता हसता खुर्चीवर बसली ती अर्धा तास उठली नाही.

मग परवाना कार्यालयातून वर्नाला फोन आला. नवऱ्याच्या हातात बंदूक देण्याबद्दल बायकोला काही भीती आहे का, हे ते विचारतात. मी शेजारी उभा.

"भीती?" वर्ना म्हणाली आणि तिने बराच विचार केला. "गोफरांना असायचं काही कारण दिसत नाही. मला तर नाहीच."

परवाना येईपर्यंत रायफलीला हात लावायचा नव्हता. पण दुर्बिणीला परवाना लागत नाही. तेव्हा दुर्बीण आधी, असं मी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

आमच्याकडे रोज सकाळी नऊला उपाहारगृहात कॉफीचा कट्टा बसतो. चामड्याच्या पेल्यात फासे हलवायचे, ज्याचे कमी पडतील त्याने सगळ्यांची कॉफी द्यायची. हेल्मर शेतकरी, आर्मंडचं वेल्डिंगचं दुकान, बाकीचे येऊन जाऊन. दुर्बिणीचा विषय काढल्यावर त्या टेबलावर जे ज्ञान सांडलं, ते पुसायला फडका पुरला नसता. काच जर्मनच हवी. नाही, जपानी. भिंग किमान चोवीस पट. भिंगाचा घेर बशीएवढा. पावसात बुडवून बघायची. एकाने तर दुर्बिणीला रात्री फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वास घ्यायला सांगितलं, का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हा पहिली दुर्बीण मी दोन तास गाडी हाकून शहरातून आणली. चोवीस पट, हातभर लांब. दुकानदार तरुण होता आणि मला 'सर' म्हणत होता, त्यामुळे किमतीकडे नीट बघणं जमलं नाही. ती कट्ट्यावर ठेवली. हेल्मरने उचलली, उलटली, खाली ठेवली.

"हं," तो म्हणाला. "वेगळी आहे."

माझा चेहरा पडला. बाहेरच्याला यात काही वाटणार नाही, पण आमच्या भागात कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाही. शेजाऱ्याने घराला जांभळा रंग दिला, 'वेगळा आहे.' नव्या पाद्र्याने दीड तास प्रवचन झोडलं, 'वेगळं होतं.' याच्या खाली पायरी नाही. आणि वरची शेवटची पायरी म्हणजे 'वाईट नाही.' ते मी आयुष्यात दोनदा ऐकलं आहे. एकदा पीक विक्रमी आलं तेव्हा, आणि एकदा वर्नाच्या आजोबांनी आमच्या लग्नात म्हटलं होतं, तेही केकबद्दल.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. मी दुर्बीण हातात घेऊन नेटीबाईंच्या कुंपणाशी उभा राहिलो. आत बघतो तर नुसतं तपकिरी गवत. दहा मिनिटांनी एक दात दिसला. अख्खा गोफर नाही, एक दात. तो कुठल्या गोफरचा आणि कुरणात कुठल्या कोपऱ्यात आहे हे बघायला डोळा काढला आणि पुन्हा लावला तर दातही गेला. शिवाय चोवीस पटीत माझ्या छातीचे ठोकेसुद्धा चोवीस पट. प्रत्येक ठोक्याला सगळं कुरण उडी मारत होतं. दुर्बीण परत करायला पुन्हा दोन तास गाडी.

दुसरी टपालाने मागवली. इतकी स्वस्त, की मला स्वतःच्या हुशारीची लाज वाटावी. आतली नेम धरायची रेघ अधिक चिन्हासारखी असते. पोस्टात उघडून बघितली तेव्हा अधिकच होती. पण पोस्टापासून घरापर्यंत सहा मैल खडीचा रस्ता, आणि वसंतात आमची खडी कशी असते ते सांगायला नको. घरी येऊन वर्नाला दाखवायला गेलो तर अधिकाचा गुणाकार झाला होता.

"ही वेगळी आहे," वर्ना म्हणाली. नवऱ्याला असं बोलतात का? मग तिने माझ्यापुढे चहा ठेवला. "एल्डन, नेटीच्या कुंपणापासून ती बिळं किती लांब?"

"पन्नास-साठ पावलं."

"मग तुला चंद्र कशाला बघायचाय? गोफर बघ."

दीड महिना दहा माणसांनी कॉफी पिऊन जे सांगितलं नाही, ते या बाईने एका वाक्यात सांगितलं. मी शेजारच्या गावी बियाणं-खिळ्यांच्या दुकानात गेलो आणि मागच्या कपाटातून चार पटीची, बेताची, छोट्या रायफलींसाठीच बनवलेली दुर्बीण घेतली. एकोणऐंशी डॉलर. फिरवायला काही नाही, मिरवायला काही नाही. डोळ्याला लावली की गोफरही दिसे आणि गोफर कुठे आहे तेही दिसे.

मे उजाडला, परवाना आला. मी ऐटीत नेटीबाईंकडे गेलो. त्यांनी खाटेखालून कापडात गुंडाळलेली रायफल काढली. मी दुर्बीण काढली, पकडी काढल्या, पेचकस काढला आणि रायफलीकडे बघत बसलो. दुर्बीण अडकवायला रायफलीच्या पाठीवर खाचा लागतात. ही रायफल जुनी, एका वेळी एकच गोळी घेणारी. पाठ गुळगुळीत. अंड्यावर पेला ठेवावा तशी दुर्बीण तिच्यावरून घसरत होती.

तसाच उठून कट्ट्यावर गेलो.

"नेटीबाईंच्या रायफलीवर दुर्बीण बसत नाही!"

आर्मंडने कॉफी ढवळली. त्याच्या कॉफीत साखर नसते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आता बघ, तसली रायफल आमच्या सगळ्यांच्याच घरी आहे," हेल्मर छताकडे बघत म्हणाला.

"मग अडीच महिने बोलला का नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तुझ्या डोक्यात काहीतरी असेल," आर्मंड म्हणाला. "माणसाच्या कामात उगाच नाक कशाला खुपसायचं?"

जर्मन काच, जपानी काच, बुडवून बघ, वास घेऊन बघ, एवढं सगळं नाक खुपसून झाल्यावर हे! मी फार चिडलो. इतका, की "बरं" म्हणालो आणि टोपी जरा जोरात घातली.

आर्मंड माझ्या मागे धावत आला. रायफलीच्या पाठीत दोन भोकं पाडून, आटे काढून तो एक पट्टी बसवून देणार होता. पण बापाच्या रायफलीला भोकं पाडायची तर बाईंना विचारायला हवं. मी पुन्हा त्यांच्याकडे. त्या कुंपणाशी उभ्या होत्या. पलीकडे, साठेक पावलांवर, तबेल्याच्या दाराशी क्वीनी बांधलेली.

"पाड म्हणावं भोकं," नेटीबाई म्हणाल्या. "रायफल आहे, देव्हारा नाही. बघू ती दुर्बीण."

सुटी दुर्बीण त्यांनी डोळ्याला लावली आणि तबेल्याकडे वळवली. मग काढली, डोळा पुसला आणि पुन्हा लावली.

"तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्यात," त्या म्हणाल्या. "कधी झाल्या?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांचा खांदा धडधाकट होता. यांना नळीवरचा मणी दिसत नव्हता, गोफर दिसत नव्हते, आणि रोज जिला चारा घालतात त्या घोडीचं तोंडही धूसर दिसत होतं. आणि ज्या बाईने हेल्मर टॉर्गर्सनला हरवलं, ती बाई हे हेल्मरला, आर्मंडला, कुणालाच सांगणार नव्हती. मी आमच्या भागातला माणूस, म्हणून एवढंच म्हणालो, "वारा सुटलाय."

"सुटलाय खरा," त्या म्हणाल्या आणि दुर्बीण मला परत दिली.

आर्मंडने भोकं सुरेख पाडली. मी कागदी ताटलीवर नेम जुळवून घेतला. ताटलीला गोळी लागे. मग गोफर. पहिल्या दिवशी वीस गोळ्या, दुसऱ्या दिवशी एकवीस. गोफर एकही पडला नाही. तिसऱ्या दिवशी तर काही गोफर मुलाबाळांना घेऊन बघायला आले होते. वर्ना सँडविच घेऊन आली होती, तिने दोन मिनिटं माझ्याकडे नीट पाहिलं.

"एल्डन, चाप ओढताना तू दोन्ही डोळे मिटतोस."

"मुळीच नाही!"

"ताटली तुझ्याकडे बघत नव्हती. गोफर बघतात."

ते खरं होतं. तो ताठ उभा राहून असा विश्वासाने बघायचा, की ऐन वेळी माझे डोळे आपोआप मिटायचे. एकोणऐंशी डॉलरची दुर्बीण आणि मी डोळे मिटून बघत होतो.

मागे अंगणातल्या खुर्चीत नेटीबाई बसल्या होत्या. मे संपायला नऊ दिवस राहिले होते. त्यांनी पेंढ्याच्या गठ्ठ्याशी खुर्ची ओढली.

"सरक, पोस्टमास्तर."

"पण तुमचा खांदा…"

"सरक म्हणते ना!"

रायफल गठ्ठ्यावर टेकली. गाल लागला. एक्क्याऐंशी वर्षांची ती बाई इतकी निश्चल झाली, की मी माझाही श्वास धरला. टक्. साठ पावलांवर एक गोफर जागच्या जागी आडवा झाला. गोळी भरली. टक्. दुसरा. अहो, काय सांगू! मी चर्चमध्ये बसतो तसा गवतात गुडघ्यांवर बसलो होतो आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. नऊ दिवसांत नव्वदच्या वर गोफर आणि वाया गेलेल्या गोळ्या तीन. त्या तीनही वाऱ्यामुळे, असं त्या म्हणाल्या, आणि हेल्मरच्या आडव्या वाऱ्याला हसतो तसं मी त्याला हसलो नाही.

माझं काम फावड्याचं. बाई गोफर मारायच्या, मी बिळं बुजवायचो आणि वर नाचून माती दाबायचो.

दोन जूनला क्वीनीला सोडलं. आधी ती दारातच थांबली. मग एक पाऊल, दुसरं, टाकीपर्यंत, कुंपणापर्यंत. वळली. आणि एकोणतीस वर्षांची ती आंधळी घोडी दुडक्या चालीने पळाली! भरवशाने, मान वर करून.

"वारा सुटलाय," नेटीबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. पान हलत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "गावात विचारतील. गोफर तू मारलेस, समजलं?"

"मी? माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"ठेवतील. तुला नेमबाज म्हणून थोडाच निवडला होता मी? चौतीस वर्षं अख्ख्या गावाची पोस्टकार्डं वाचलीस आणि एकदाही तोंड उघडलं नाहीस. म्हणून निवडला."

म्हणजे हाताचा स्थिरपणा वगैरे काही नव्हतं. जरा लागलं मनाला. पण घरी पोचेपर्यंत मला वाटायला लागलं, की आयुष्यात मला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही.

उन्हाळाभर मी मुकाट्याने कौतुक सोसलं. ऑक्टोबरात गावजेवण असतं. टर्की, कोबीच्या पानातली भाताची गुंडाळी, अठरा प्रकारचे केक, सारं गाव एका सभागृहात. जेवण उरकल्यावर हेल्मर चमच्याने पेला वाजवत उठला.

"नव्वद गोफर!" तो म्हणाला. "पुढच्या जत्रेच्या नेमबाजीत एल्मस्लेडकडून आपला पोस्टमास्तर उतरेल. नाव मी आजच दिलंय."

टाळ्या. माझ्या घशात टर्की अडकली. तालुक्यातल्या तीन हजार माणसांसमोर, दोन्ही डोळे मिटून! मी नेटीबाईंकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. त्या कोबीच्या गुंडाळ्या वाढत होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, पळी भांड्यात ठेवली आणि हात पुसले.

"नाव खोड, हेल्मर," त्या म्हणाल्या. "याने एकही गोफर मारला नाही. त्याला जमतच नाही. मी मारले. माझे डोळे गेलेत, मणी दिसत नाही मला. पाच वर्षं झाली. याने दुर्बीण आणून दिली आणि तोंड बंद ठेवलं. झालं?"

त्या बाईने पन्नास वर्षं सांभाळलेला मान माझी फजिती वाचवायला सगळ्यांसमोर टेबलावर काढून ठेवला होता. मला उठून काहीतरी बोलायचं होतं. मी हातातला काटा ताटाशेजारी सरळ करून ठेवला.

"आणि दुर्बीण?" हेल्मरने हळूच विचारलं. "कशी आहे?"

नेटीबाईंनी पळी पुन्हा उचलली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"वाईट नाही."

वर्नाने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

जेवणानंतर मी बाहेर गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतो. मागे पावलं वाजली. हेल्मर. टोपी हातात, नजर लांब कुठेतरी.

"ती दुर्बीण," तो म्हणाला. "कुठल्या दुकानात मिळाली म्हणालास? माझ्या एका चुलतभावाला हवी होती. त्याला मणी नीट दिसत नाही. चार वर्षं झाली."

हेल्मरला चुलतभाव नाही. चौतीस वर्षं त्याचं टपाल मी वाटलं आहे.

"दुकान दाखवतो," मी म्हणालो. "पण चुलतभावाला सांग, रायफलीवर बसवायला जागा आहे का ते आधी बघ."

"नाहीये," हेल्मर पटकन म्हणाला.

"मग भोकं पाडायला आर्मंडला विचारावं लागेल," म्हणत मी वळलो, तर आर्मंड माझ्या गाडीच्या मागे टोपी कुरवाळत उभाच होता. त्यालाही एक चुलतभाव होता.